मगरीच्या पाठीवरची वही

“आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही,” मधुआण्णा म्हणाले आणि बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला. “नका ठेवू. मी डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर माझाही बसला नसता.”

सतरंजीवरची माणसं सरसावून बसली. सांगलीच्या शामरावनगरातली ती पुढची खोली, भिंतीवर अंजनाबाईंचा फोटो, फोटोखाली मेणबत्ती, आणि उपिटाच्या रिकाम्या बश्या. अंजनाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. दरवर्षी जुलै अखेरच्या रविवारी चर्च सुटलं की मंडळी इथं स्मरण-प्रार्थनेला जमत. आधी प्रार्थना, मग उपीट, मग चहा, आणि चहावर आण्णांची गोष्ट. अलीकडं तर चर्चमध्ये म्हणच पडली होती, की प्रार्थना पाळकांची आणि थाप आवळ्यांची. प्रार्थनेला उशिरा येणारा माणूसही थापेला वेळेवर हजर असायचा.

मधुकर आवळे हे नाव कुपवाडच्या कारखान्यांत लेथवरचा पक्का टर्नर म्हणून माहीत होतं, आणि बाहेर अकरा कादंबऱ्या लिहिणारा म्हणून. दोन्हीकडं लोकांना वाटे, हा दुसरा कुणीतरी आवळे असणार. पण माणूस एकच. पाळीवर असताना लेथवर लोखंडाचा जॉब फिरत राही, आणि आण्णा कोऱ्या जॉबकार्डाच्या पाठीवर तेलकट बोटांनी चार ओळी खरडत. संध्याकाळी डब्याबरोबर ती कार्डं घरी येत.

घरी अंजनाबाई असत. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. आण्णांना सकाळची वेळ लिहायला मोकळी मिळावी म्हणून बाईंनी वीस वर्षं रात्रपाळी मागून घेतली होती. रविवारी दुपारी भांडी घासून झाली की त्या जाडजूड रजिस्टर पुढ्यात घेऊन बसत. आण्णा कार्डं वाचत, आणि बाई आपल्या गोल, शाळकरी अक्षरात पक्कं लिहून काढत. उतरून झालेलं कार्ड बंबात जाई. कच्चं जाळायचं, पक्कं ठेवायचं, हा त्यांच्या घरचा कायदा.

आता मधुआण्णा म्हणजे जन्माचा थापाड्या. दूध आणायला गेलेला माणूस वाटेत हत्ती भेटल्याशिवाय परत यायचा नाही. पण त्यांच्या कादंबऱ्यांत मात्र थाप सापडायची नाही. याचं कारण बाईंचं पेन. वाचता वाचता आण्णांनी जरा कुठं रंग चढवला, एखाद्या सासूला उगाच दयाळू केलं, एखाद्या दारुड्याला एका प्रार्थनेत सुधारून टाकलं, की पेन जागच्या जागी थांबे.

“थांबा. हे खोटं.”

“अगं, कादंबरी आहे ती. खोटंच असतंय त्यात.”

“गोष्ट खोटी चालेल. हा माणूस असं बोलायचा नाही. बदला, मग लिहिते.”

मग आण्णा चिडत, अंगणात फेऱ्या मारत, शेजारच्यांना ऐकू जाईल असं ‘बायकोला साहित्यातलं काय कळतंय’ म्हणत, आणि संध्याकाळच्या आत ओळ बदलून आणत.

बारावी कादंबरी त्यांच्या आईवर होती. आई शिरवळजवळ हायवेच्या कामावर खडी फोडायची. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण साठ स्तोत्रं तोंडपाठ. हातोडीच्या ठोक्यावर ती गायची, आणि शेजारच्या हिंदू बायकाही ठोका चुकू नये म्हणून तिच्याबरोबर येशूची गाणी म्हणायच्या. ही कादंबरी नऊ वर्षं चालली. त्यात अंजनाबाईंना कॅन्सर निघाला, तरी रविवार चुकला नाही. उशीला टेकून, मांडीवर पाट ठेवून लिहिणं चालू राहिलं. शेवटच्या प्रकरणात आण्णांनी वाचलं, की म्हातारी स्तोत्र गात गात, हसऱ्या चेहऱ्यानं गेली. तर पेन थांबलं.

“थांबा. हे खोटं. सासूबाई गात नव्हत्या. पाणी मागत होत्या, आणि तुमचं नाव घेत होत्या. तुम्ही पाळीवर होता.”

आण्णा त्या दिवशी अंगणात गेले नाहीत. तिथंच बसून राहिले.

“हे कसं लिहू?” त्यांनी विचारलं.

“जसं झालं तसं. मी थांबते.”

त्या थांबल्या नाहीत. शेवटचे पंधरा दिवस माहेरी न्या म्हणाल्या, म्हणून साताऱ्याला त्यांच्या भावाच्या घरी नेलं. उशाशी दोन वस्तू होत्या: त्यांचं मोठ्या अक्षरातलं पवित्र शास्त्र आणि कादंबरीचं रजिस्टर. दोन्ही एकाच आकाराची. दोन्हींना बाईंनी एकाच जुन्या हिरव्या इरकल साडीची गवसणी शिवली होती. फरक एवढाच, की शास्त्राच्या गवसणीला चेन होती. चेन दोन्हींना पुरली नाही, म्हणून रजिस्टरच्या गवसणीला एक पांढरं बटण.

बाई गेल्या त्या दिवशी पाऊस असा होता की पेटी पडवीतच ठेवली होती. झाकण लावायच्या वेळी कुणीतरी म्हणालं, “बाईंचं शास्त्र द्या त्यांच्याबरोबर.” त्यांच्यात तशी पद्धतच. मयूरी, आण्णांची एकुलती एक मुलगी, रडत आत धावली, हिरवी गवसणी घेऊन आली आणि आईच्या छातीवर ठेवून तिचे हात त्यावर जुळवले. झाकण बसलं. उरलेली गवसणी मेहुण्यानं आण्णांच्या पिशवीत घातली.

सांगलीला आल्यावर चौथ्या दिवशी आण्णा शेवटचं प्रकरण लिहायला बसले. बायकोला शब्द दिला होता. जसं झालं तसं लिहायचं ठरवून त्यांनी गवसणी पुढ्यात घेतली आणि बटण चाचपलं. बोटांना चेन लागली.

लेथवर चाळीस वर्षं घालवलेला माणूस तो. सुताएवढा फरक बोटाला कळायचा. आत काय आहे ते चेन उघडायच्या आधीच कळलं. कादंबरी साताऱ्यात होती, सहा फूट खाली, नऊ वर्षांचे रविवार बाईंच्या अक्षरात घेऊन. कच्चं तर कधीच बंबात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ते साताऱ्याला गेले. दफनभूमीतली माती अजून बसली नव्हती. राखणदार नाथाजी छत्री धरून जवळ आला. ओल्या मातीकडं बघत म्हणाला, “आवं आजोबा, काय राहिलंय का आत?”

कुणाचं सोनं राहतं, कुणाचे कागद राहतात, नाथाजीनं सगळं पाहिलं होतं. अर्ज करा, परवानगी काढा, म्हंजे काढता येतंय, असंही त्यानं सांगितलं. आण्णा एकदा हो म्हणणारच होते. पण अर्जावर कारण लिहावं लागलं असतं. कारण लिहिलं की ते मयूरीला कळलं असतं, की आईनं नऊ वर्षं आणि शेवटची ताकद घालून लिहिलेलं पुस्तक तिच्याच हातानं मातीत गेलं. ती पोर आईच्या मागं आधीच अर्धी झाली होती.

“न्हाई,” आण्णा म्हणाले. “काय राहिलं न्हाई.”

आणि मग, देवाची करणी म्हणा किंवा धरणाची, आठवड्याच्या आत एकोणीस सालचा महापूर आला. शामरावनगरात छातीपर्यंत पाणी. फळ्या, खुर्च्या, अकरा कादंबऱ्यांच्या प्रती, सगळं तरंगायला लागलं. आण्णांना बोटीत घेतलं तेव्हा त्यांनी घरातून एकच वस्तू उचलली होती. ती सदऱ्याच्या आत, पोटाशी, वरून रेनकोट. पंच्याहत्तर किलोचा म्हातारा सात महिन्यांच्या गरोदर बाईसारखा बोटीत बसला. कुपवाड उंचावर, तिथं पूर पोचत नाही, म्हणून लेथवरचा जुना जोडीदार बिराप्पा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला.

“आवळ्या, पोट लय सुटलंय की रं!”

“पेन्शनचे कागद हायेत.”

मयूरी मिरजेहून धावत आली होती, शेजारीच उभी होती. बिराप्पानं विचारलं, “आनि वैनींनी लिवलेली ती वही?”

“गेली,” आण्णा म्हणाले. “पुरात गेली.”

मयूरीनं वडिलांकडं पाहिलं, त्यांच्या रेनकोटकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आण्णांना वाटलं, बरं झालं, विश्वास बसला.

तर अशी ती थाप जन्माला आली. पुढं आण्णांना कळलं की खोटं हे जनावरासारखं असतं. दाव्याला बांधलं तरी दरवर्षी चरून मोठं होतंच. पहिल्या स्मरण-प्रार्थनेला वही नुसती खिडकीतून तरंगत बाहेर गेली. दुसऱ्या वर्षी बोटीतल्या जवानानं तिच्यासाठी पाण्यात उडी घेतली. तिसऱ्या वर्षी तो जवान साताऱ्याचा निघाला. चौथ्या वर्षी वही हरिपूरला एका घराच्या कौलावर वाळत पडलेली कुणीतरी पाहिली. पाचव्या वर्षी मगर आली. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीत शेंबडं पोरही जाणतं, त्यामुळं त्यावर कुणी हरकत घेतली नाही. लोक हसत. ऋषिराज पाळक, वयानं तरुण आणि स्वभावानं भोळे, डोळे पुसत म्हणत, “आण्णा, बाई असत्या तर हे लिहून काढलं असतं त्यांनी.”

नसतं काढलं, हे आण्णांना माहीत होतं. पेन पहिल्याच ओळीला थांबलं असतं.

सहा वर्षांत त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलेलं थांबवायलाच कुणी नाही, तर लिहून काय करायचं? आणि दुसरी अडचण त्याहून विचित्र. जगात लोक चोरून काय काय वाचतात, पण पवित्र शास्त्र चोरून वाचणारा म्हातारा सांगली जिल्ह्यात हा एकटाच असावा. शास्त्र पेटीत गेलं असंच सगळे समजत होते, म्हणून ते तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात, तांदळाखाली दडवलेलं. मयूरी दर रविवारी यायची आणि आल्या आल्या डबे तपासायची, म्हणून तांदूळ कधी संपू द्यायचे नाहीत. पहाटे दाराला कडी लावून आण्णा ते बाहेर काढत, वरचे दाणे झटकत, आणि पानं उलटत.

एका स्तोत्रापाशी ते दरवेळी अडत. मरणाच्या सावलीतही भ्यायचं नाही, असं सांगणारं ते स्तोत्र, लहानपणी सगळ्यांनी पाठ केलेलं. त्याच्या कडेला पेन्सिलीनं, थरथरत्या पण ओळखीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘थांबा.’ आणि खाली, आणखी बारीक, ‘मला भीती वाटते.’

दरवर्षी याच खोलीत पाळक सांगत, की अंजनाबाई निर्भयपणे प्रभूजवळ गेल्या. मंडळी आमेन म्हणत. सगळ्यात मोठं आमेन आण्णांचं असे. मयूरीचं आमेन त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं. शेवटचे पंधरा दिवस आईजवळ तीच होती. पण हे त्यांच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. तसं आलं तेव्हा त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की आपण पोरीचं काहीतरी दाबून ठेवलंय. आईनं शेवटी खरं लिहिलं होतं आणि ते तिला दाखवता येत नव्हतं. दाखवायचं तर डबा उघडायचा, आणि डबा उघडला की कबर उघडली. एवढ्यात नको, पुढच्या वर्षी, असं करत सहा वर्षं गेली होती. आज सकाळीही त्यांनी तांदूळ वर सारले आणि झाकण लावलं. वय पंच्याहत्तर. पुढची वर्षं आता मोजकीच.

तर आज मगरीला पुढं न्यायचं होतं.

“मागच्या साली कुठवर आलो होतो?” आण्णांनी विचारलं.

“मगरीनं वही पाठीवर घेतली,” दोघं-तिघं एकदम म्हणाले.

“हां. तर मगर म्हातारी होती. माझ्याएवढी. पाठीवर हिरवी गवसणी, वर पाऊस, आणि ती निघाली. लोकांना वाटलं, खाली वाडीकडं जाईल. तर नाही! बाईनं तोंड फिरवलं आणि निघाली वर. भिलवडी गेली, औदुंबर गेलं, कराडला संगमावर जरा दम खाल्ला…”

“आवळ्या, थांब थांब,” बिराप्पा भिंतीला टेकून बसला होता, तो पुढं सरकला. “सांगलीस्नं कराडला? आरं कृष्णा तिकडनं हिकडं येतीया. उलट्या पान्यात, ते बी म्हापुरात, मगर जाती व्हय?”

खोलीत हशा पिकला. आण्णा जराही डगमगले नाहीत.

“बिराप्पा, तू जल्मात कधी सुलट्या पाण्यात तरी पोहलायंस का? मगरीचं तुला काय कळणार! बाई माहेरी निघाली की ओढा उलटा का सुलटा बघते का?”

“आता मगरीचं म्हायेर बी साताऱ्यालाच व्हय?”

“मगरीचं नाही,” आण्णा म्हणाले. “वहीचं.”

हसणारे हसत राहिले. आण्णांना मात्र जाणवलं, की सहा वर्षं हे जनावर सगळीकडं हिंडून आता आपल्या गोठ्याची वाट धरतंय. दावं हातातून सुटत होतं. त्यांनी घाईघाईनं पुढं ओढलं.

“माहुलीला पोचली. तिथं काठावर मगर चढली आणि चालायला लागली. चार पायांवर, साताऱ्याच्या रस्त्यानं. पहाटेची वेळ, कुणी पाहिलं नाही. एका ठिकाणी फाटक होतं, ते नाकानं ढकललं. आत ओली माती. कडेला राखणदाराची छत्री. तिथं तिनं वही अलगद उतरवली…”

ऋषिराज पाळकांचं हसू ओठांवरच राहिलं. “आण्णा, हे कुठलं ठिकाण?”

“ठिकाण काय, गोष्टीतलं,” आण्णा म्हणाले. “वही उतरवली आणि तिथं एक बाई बसली होती, तिच्या हातात दिली. बाईनं ती उघडली, शेवटचं पान काढलं, पेन घेतलं, आणि… आणि वाचून हसली. म्हणाली, सगळं बरोबर आहे. कुठंच थांबावं असं नाही. मला कसलीच भीती वाटत नाही, म्हणाली. आणि छातीवर वही घेऊन शांत…”

“थांबा.”

आण्णांनी दाराकडं पाहिलं. क्षणभर त्यांना खरंच वाटलं की आवाज फोटोतून आला. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मयूरी उभी होती. हाताला तांदळाची भुकटी, आणि छातीशी चेनची हिरवी गवसणी, तिच्या घडीघडीत अडकलेले दाणे.

कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते मधेच थांबलं.

“आण्णा, हे खोटं,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या रांगेत बसलेल्यांनाही ऐकू गेला. “आईला भीती वाटत होती. आणि वही पुरात गेली नाही. ती मी आईच्या पेटीत ठेवली, ह्या हातांनी. मामा झाकण धरून उभे होते, मला बोलता आलं नाही. मुद्दाम ठेवली म्हटलं तरी खोटं, आणि ठेवल्यावर कळलं नाही म्हटलं तरी खोटंच. आईचे हात जुळवताना अंगठ्याला बटण लागलं होतं मला.”